परवानगी देण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत आपण ज्याला ‘इजाजत’ म्हणतो, त्याला मराठीत ‘परवानगी’ म्हणतात. या मराठी शब्दात तुमच्या ओळखीचा एक शब्द दडलेला आहे. तो म्हणजे ‘परवाना’. शमेभोवती घिरट्या घालणारा परवाना तो हा नव्हे. हा परवाना म्हणजे लेखी हुकूम. एकदा परवाना हातात पडला, की तो घेणारा माणूस हक्काने येतो. दर वेळी दार ठोठावून ‘आत येऊ का?’ असे विचारण्याची गरज त्याला राहत नाही.

आज आपण अशाच एका परवान्याची माहिती घेणार आहोत. हा परवाना कागदावर लिहिलेला नसतो. तो मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर, बोटाच्या एका स्पर्शाने दिला जातो. देणाऱ्याला मात्र आपण कोणाला काय दिले, हे पुष्कळदा कळतही नाही.

घरातील एखाद्या फोनवर पुढीलप्रमाणे संदेश आलेले तुम्ही पाहिले असतील. ‘तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत!’ ‘अभिनंदन! तुम्ही नवा फोन जिंकला आहे.’ ‘तुमचे खाते आज बंद होणार आहे. लगेच येथे दाबा.’ फोन कोणी हातात घेतलेला नसतो, तरी तो टिंग टिंग वाजत राहतो. एक संदेश पुसावा, तर पाच मिनिटांत दुसरा येतो. घरातील माणसे वैतागतात. कोणी फोन बंद करून पुन्हा सुरू करतो. कोणी तो दुरुस्तीच्या दुकानात नेतो. अशा वेळी अनेकदा फोनमध्ये काहीही बिघडलेले नसते. कोणीतरी, केव्हातरी, एका अनोळखी संकेतस्थळाला परवाना देऊन बसलेले असते. म्हणूनच हा परवाना कसा दिला जातो आणि तो परत कसा घ्यावा, हे समजून घेतले पाहिजे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पाहू. इंटरनेटवरील पाने ज्या साधनाने आपण उघडतो, त्याला ‘ब्राउझर’ म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही ब्राउझरची नावे आहेत. दुसरा शब्द ‘नोटिफिकेशन’. मराठीत त्याला ‘सूचना’ म्हणतात. उर्दूतील ‘इत्तिला’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. पूर्वी सूचना दाखवण्याचे काम फोनमधील अ‍ॅप करत असत. २०१५ साली क्रोम ब्राउझरने संकेतस्थळांनाही तशी सूचना पाठवण्याची सोय दिली. २०१६ साली फायरफॉक्सनेही ती दिली. सोय चांगलीच होती. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाने महत्त्वाची बातमी कळवावी, टपालाच्या संकेतस्थळाने नवे पत्र आल्याचे सांगावे, असा तिचा हेतू होता.

ही सूचना आपल्यापर्यंत पोहोचते कशी? टपाल खात्याचे उदाहरण घेतले, तर ते सहज समजेल. आपण एखाद्या मासिकाची वर्गणी भरतो, तेव्हा आपला पत्ता मासिकाच्या कार्यालयात नोंदवला जातो. त्यानंतर दर महिन्याला अंक टपालात पडतो आणि पोस्टमन तो घरी आणून देतो. आपण त्या वेळी मासिकाचा विचार करत असू वा नसू, अंक येतोच. येथेही तसेच घडते. आपण परवानगी दिली, की ब्राउझर त्या संकेतस्थळाला एक पत्ता देतो. संकेतस्थळाचा संदेश आधी ब्राउझर तयार करणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जातो. तेथून तो आपल्या फोनकडे येतो. फोनमध्ये ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा एक छोटा कार्यक्रम त्या संकेतस्थळाच्या वतीने हजर असतो. तो संदेश घेतो आणि पडद्यावर दाखवतो. म्हणून ते पान आपण केव्हाच बंद केले असले, तरी सूचना येत राहते. वर्गणी बंद केल्याशिवाय अंक येणे थांबत नाही, तसेच हे आहे.

आता फसवे लोक या सोयीचा उपयोग कसा करतात, ते पाहू. त्यांच्या सूचना म्हणजे मुख्यतः जाहिराती असतात. जाहिरातीवर कोणी बोट ठेवले, त्या वाटेने कोणी काही विकत घेतले, की पाठवणाऱ्याला पैसे मिळतात. एक माणूस बळी पडला, तर मिळकत थोडी. लाखो लोकांना सूचना पाठवता आल्या, तर मिळकत मोठी. म्हणून जितके परवाने गोळा होतील, तितके त्यांना हवे असतात. पण ‘आम्ही तुम्हाला दिवसभर जाहिराती पाठवू का?’ असे विचारले, तर होकार कोण देईल? फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेने २०१९ साली याची पाहणी केली. सूचनांची परवानगी मागणाऱ्या सुमारे ९९ टक्के चौकटींना होकार मिळत नाही, असे तिला आढळले. सरळ विचारून परवाना मिळत नाही, हे फसव्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून ते प्रश्नच बदलून टाकतात.

त्यांची एक फार प्रचलित युक्ती रोबोची आहे. तुम्ही क्रिकेटचा सामना, नवा चित्रपट किंवा एखादे पुस्तक फुकट मिळते का, म्हणून शोध घेता. एक पान उघडते. त्यावर यंत्रमानवाचे चित्र असते आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’ खाली किंवा बाजूला एक बाण असतो. बाणाच्या टोकाशी एक छोटी चौकट असते आणि तिच्यावर दोन बटणे असतात. आपल्याला सामना पाहण्याची घाई असते. आपण ‘अलाऊ’ दाबतो. सामना काही दिसत नाही. दुसरेच एक पान उघडते आणि तेथेही हीच विनंती केली जाते. असे तीन-चार वेळा झाले, तर तीन-चार परवाने आपल्या हातून गेलेले असतात.

ही युक्ती चालते, कारण खरी ‘मी रोबो नाही’ ही तपासणी आपण पाहिलेली असते. तिला ‘कॅप्चा’ म्हणतात. समोर माणूस आहे की संगणकाचा कार्यक्रम आहे, हे ओळखण्यासाठी ती तयार झाली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या आरंभी तिला हे नाव दिले. बरोबरची खूण करण्याची ती परिचित चौकट गूगलने २०१४ साली आणली. खऱ्या कॅप्चामध्ये आपण पानावरच खूण करतो, किंवा चित्रांतून बस, पूल, सायकल अशा वस्तू निवडतो. सूचना पाठवण्याच्या परवानगीशी तिचा काडीचाही संबंध नसतो. चोराने पोलिसाचा गणवेश घालावा, तसा हा प्रकार आहे.

मग खरे काय आणि खोटे काय, हे ओळखायचे कसे? येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पडद्यावर त्या वेळी दोन निरनिराळे आवाज आपल्याशी बोलत असतात. एक आवाज पानाचा आणि दुसरा ब्राउझरचा. पान तयार करणारा त्यावर हवे ते लिहू शकतो. तो रोबोचे चित्र काढील, मोठ्या बँकेचे चिन्ह लावील, लाल अक्षरांत धोक्याचा इशारा देईल. परंतु परवानगी मागणारी ती छोटी चौकट ब्राउझरची असते. तिच्यातील मजकूर पानाच्या मालकाला बदलता येत नाही. म्हणून तर बिचाऱ्याला चौकटीच्या बाहेर बाण काढावा लागतो! त्या चौकटीत रोबोचा उल्लेख नसतो, सामन्याचा नसतो आणि बक्षिसाचाही नसतो. तेथे संकेतस्थळाचा पत्ता असतो आणि ते सूचना पाठवू इच्छिते, एवढेच लिहिलेले असते. खाली दोन उत्तरे असतात. ‘अलाऊ’ म्हणजे परवानगी द्या आणि ‘ब्लॉक’ म्हणजे मनाई करा. पानावर काहीही लिहिलेले असो, तुमच्या उत्तराचा अर्थ चौकटीतील प्रश्नावरून ठरतो.

हाच नियम सूचना आल्यानंतरही उपयोगी पडतो. सूचनेचे शीर्षक, तिचे चित्र आणि तिचा मजकूर पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो. त्यामुळे ढालीचे चित्र किंवा प्रसिद्ध कंपनीचे नाव दिसले, म्हणजे ती सूचना त्या कंपनीचीच आहे, असे समजू नये. परंतु तिच्यावर बारीक अक्षरांत ब्राउझरचे नाव आणि पाठवणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ताही असतो. ती ओळ ब्राउझर लिहितो. सर्वांत लहान अक्षरांतील ही ओळ सर्वांत खरी असते.

आता समजा, तुमच्या नानी फोन घेऊन घाबऱ्याघुबऱ्या तुमच्याकडे आल्या.

“बेटा, बघ रे, फोनात पाच व्हायरस शिरलेत म्हणे! येथे दाबा आणि लगेच फोन करा, असं लिहिलंय. लावू का फोन?”

“नानी, जरा थांबा. खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय, ते आधी वाचू या. हे नाव तुमच्या ओळखीचं आहे का?”

“नाही रे. हा कोण आहे?”

“आपणही त्याला ओळखत नाही. मग आपल्या फोनात काय आहे, ते त्याला कसं कळलं?”

हा प्रश्न अगदी योग्य आहे. कोणत्याही संकेतस्थळाला आपला फोन उघडून त्यातील व्हायरस मोजता येत नाहीत. ब्राउझर त्याला तशी मुभाच देत नाही. फोन तपासलेला नसतानाच ‘पाच व्हायरस’ हा आकडा लिहिलेला असतो आणि तोच आकडा हजारो लोकांना पाठवलेला असतो. नुसती सूचना दिसल्याने फोनचे नुकसान होत नाही. खरा धोका तिच्या पुढच्या पायरीवर असतो. सूचनेवर बोट ठेवले, की बँकेसारखे दिसणारे खोटे पान उघडू शकते. एखादे घातक अ‍ॅप उतरवून घ्या, असा आग्रह होऊ शकतो. दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तर गोड बोलणारा माणूस आपल्या फोनचा पडदा त्याला दिसेल असे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि मग खात्यातील पैसे काढतो. नानींनी पै पै करून साठवलेली रक्कम अशा रीतीने काही मिनिटांत जाऊ शकते. म्हणून या सूचना नुसती कटकट समजून सोडून देऊ नयेत.

आता दिलेला परवाना परत कसा घ्यावा, ते पाहू. हे काम अवघड नाही आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

अँड्रॉइड फोनवर प्रथम क्रोम उघडा. कोपऱ्यात एकाखाली एक असे तीन ठिपके दिसतील. त्यांवर बोट ठेवा आणि ‘सेटिंग्ज’ निवडा. नंतर ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यातील ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. फोनची भाषा मराठी असेल, तर तेथे ‘सूचना’ असे लिहिलेले असेल. आता ज्या ज्या संकेतस्थळांना परवाना दिलेला आहे, त्यांची यादी समोर येईल. ती सावकाश वाचा. ज्याचे नाव ओळखीचे नाही, त्यावर बोट ठेवा आणि परवानगी बंद करा. याहून जवळची वाटही आहे. नको असलेली सूचना आली, की ती उघडू नका. तिच्यावर बोट थोडा वेळ दाबून धरा. त्या संकेतस्थळाच्या सूचना बंद करण्याची सोय तेथेच दिसते.

संगणकावर क्रोममध्ये तीन ठिपके, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’ आणि शेवटी ‘नोटिफिकेशन्स’ असा क्रम आहे. फायरफॉक्समध्ये ही यादी ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात, ‘परमिशन्स’ या शीर्षकाखाली सापडते. आयफोनवर या प्रकारचा त्रास कमी आढळतो. तेथे ही सोय २०२३ साली आली आणि जे संकेतस्थळ आपण स्वतः फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवले आहे, त्यालाच परवानगी मागता येते.

संगणकावरील यादीत दोन शब्द दिसतील, ‘रिमूव्ह’ आणि ‘ब्लॉक’. या दोन शब्दांत फरक आहे. ‘रिमूव्ह’ केले, तर त्या संकेतस्थळाचे नाव यादीतून निघते. पण आपण पुन्हा तेथे गेलो, तर ते पुन्हा परवानगी मागू शकते. ‘ब्लॉक’ केले, तर त्याला पुन्हा विचारताही येत नाही. फसव्या संकेतस्थळासाठी दुसराच उपाय योग्य होय. याच पानावर आणखी एक पर्याय असतो. कोणत्याही संकेतस्थळाला सूचना पाठवू द्यायच्याच नाहीत, असे तेथे एकदाच ठरवता येते. ज्या वडीलधाऱ्यांना अशा सूचनांची मुळीच गरज नाही, त्यांच्या फोनवर, त्यांना विचारून, हा पर्याय निवडावा.

काही उपाय मात्र येथे उपयोगी पडत नाहीत. आलेली सूचना पुसली, तर तेवढी एकच सूचना जाते. फोन बंद करून सुरू केला, तरी परवाना तसाच राहतो. आपण कोणकोणती पाने पाहिली, याची नुसती नोंद पुसल्यानेही तो जात नाही. झाडाची पाने तोडून मूळ निघत नाही. मूळ त्या यादीत आहे.

ब्राउझर तयार करणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. २०२० साली फायरफॉक्सने, पान उघडताच परवानगीची चौकट पुढे करण्याची पद्धत बंद केली. त्याच वर्षी क्रोमने लबाडीने परवाने मिळवणाऱ्या संकेतस्थळांची विनंती दाबून टाकण्यास आरंभ केला. आपण ज्या संकेतस्थळाकडे फिरकतही नाही, त्याची परवानगी आपोआप काढून घेण्याची सोय क्रोमने २०२५ साली जाहीर केली. तरीही फसवे लोक नवी नावे आणि नवे पत्ते घेऊन येतच असतात. कुलूप कितीही मजबूत असले, तरी घरातल्याच माणसाने आतून कडी काढली, तर कुलपाचा काय उपयोग?

याचा अर्थ प्रत्येक सूचना वाईट असते, असा नाही. ज्या वर्तमानपत्राच्या बातम्या तुम्ही रोज वाचता, ज्या संकेतस्थळावर तुमचा अभ्यासक्रम चालतो, त्याला परवानगी द्यायला हरकत नाही. फक्त उत्तर देण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. परवानगी कोण मागत आहे? आणि ती कशासाठी मागत आहे? दोन्हींची उत्तरे त्या छोट्या चौकटीत लिहिलेली असतात.

कधी एखाद्याची फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. आपल्या देशात अशा तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर ताबडतोब कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता अधिक असते. घरातील कोणाकडून अशी चूक झाली, तर त्याच्यावर रागावू नका. रागाच्या भीतीने माणूस गोष्ट लपवतो आणि तेवढ्या वेळात चोर दूर निघून जातो.

मित्रांनो, घरातील मोठी माणसे आपल्याला दाराची कडी लावायला शिकवतात. या नव्या दाराची कडी त्यांना दाखवणे हे आपले काम आहे. आज शाळेतून घरी गेल्यावर अम्मी-अब्बांच्या किंवा नानींच्या शेजारी बसा. त्यांचा फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि ती यादी त्यांना उघडायला सांगा. एकेक नाव वाचून विचारा, “याला तुम्ही ओळखता का?” उत्तर ‘नाही’ आले, की तो परवाना तेथेच रद्द करा.

स्वाध्याय

१. पान बंद केल्यानंतरही संकेतस्थळाची सूचना का येते, ते टपालाच्या उदाहरणाने सांगा.

२. कारणे लिहा : (अ) फसवे लोक चौकटीच्या बाहेर बाण काढतात. (आ) ‘तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस आहेत’ या सूचनेवर विश्वास ठेवू नये.

३. ‘रिमूव्ह’ आणि ‘ब्लॉक’ यांतील फरक सांगा.

४. परवानगी, सूचना, इशारा, जाहिरात या मराठी शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द वापरतात, ते लिहा. त्यांपैकी कोणता शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे?

५. नानी आणि नातू यांचा संवाद पुढे वाढवा. नातू नानींना सूचना बंद करायला कसे शिकवतो, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.